आवाज थोडा कमी, गाणे थोडे जास्त!

संगणक आणि मोबाइलमुळे आज घराघरांत गाणी मुद्रित होऊ लागली आहेत. पण मुद्रित केलेला आवाज मोठा किती ठेवायचा? काशीच्या संगीताकडे कान लावला तर या तांत्रिक प्रश्नाचे उत्तर अगदी सोपे वाटू लागते.

एप्रिल २०२०. सारा देश टाळेबंदीत घरात बसलेला. वाराणसीतील संकटमोचन हनुमान मंदिराचे अंगणही सुने पडले होते. एरवी हनुमान जयंतीच्या सुमारास या अंगणात रात्र रात्र संगीत समारोह चालतो. तिकीट नसते, पुढच्या-मागच्या रांगांचा भेद नसतो. मोठमोठे कलावंत येथे हनुमंताच्या चरणी ‘हाजिरी’ लावायला येतात आणि श्रोते अंगणात मिळेल त्या जागी बसून पहाटेपर्यंत ऐकतात. त्या वर्षी मात्र हा समारोह संगणकाच्या पडद्यावर भरला. त्याच दिवसांत पंडित जसराज यांनीही संकटमोचन हनुमानासाठी आपली गानसेवा रुजू केली, ती हजारो मैलांवरच्या अमेरिकेतील न्यू जर्सीतल्या घरातून. वय वर्षे नव्वद! त्यानंतर चारच महिन्यांनी, १७ ऑगस्ट २०२० रोजी, चित्रपती व्ही. शांतारामांचे हे जावई आणि मराठी रसिकांचे लाडके गायक जग सोडून गेले.

त्या दिवसांत अनेक घरांनी एक गोष्ट अनुभवली. एका कलावंताचा आवाज फोनमधून पुटपुटल्यासारखा येई, दुसऱ्याचा एकदम अंगावर येई. कुणाचा तबला कडाडे आणि स्वर मात्र दूर कुठेतरी विहिरीत बोलल्यासारखा वाटे. मंदिराच्या अंगणात एकच ध्वनिक्षेपक, एकच ध्वनितंत्रज्ञ आणि एकच श्रोतृसमुदाय असतो. येथे जितके कलावंत तितक्या खोल्या, जितके श्रोते तितके कान! मग आवाजाची पातळी ठरवायची कुणी आणि कशी?

हा प्रश्न केवळ मोठ्या स्टुडिओंचा राहिलेला नाही. घरातला मुलगा लॅपटॉपवर बहिणीचे भावगीत मुद्रित करतो, गणेशोत्सवात मंडळ आपल्या आरत्यांची ध्वनिफीत तयार करते, आजीच्या ओव्या नातवंडे मोबाइलवर जपून ठेवतात. या सर्वांना कधी ना कधी तो एक दांडा वर सरकवावासा वाटतो. ‘थोडा मोठा केला तर काय बिघडले?’ बिघडते ते नेमके काय, हे समजून घेण्यासाठी काशीइतके चांगले गाव नाही. २०१५ साली युनेस्कोने वाराणसीला ‘संगीताचे शहर’ म्हणून मान दिला, तो उगाच नव्हे.

भोंग्यापुढची कसरत

आवाज तबकडीवर साठवण्याची धडपड आपल्याकडे १९०२ साली सुरू झाली. त्या वर्षी कलकत्त्यात गौहर जान हिने तबकडीसाठी गाणे गायले. तिचा जन्म आझमगढचा. बालपणीची काही वर्षे तिने आईबरोबर काशीत काढली होती. त्या काळी माईक नव्हता. एका मोठ्या भोंग्याच्या तोंडापाशी उभे राहून जोरात गावे लागे. भोंग्याच्या टोकाला एक पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ ओढी. हळू गायले तर रेघच उमटत नसे. फार मोठ्याने गायले तर सुई उड्या मारी. वाजविणाऱ्यांना भोंग्यापासून दूर किंवा जवळ बसवून त्यांचा आवाज कमी-जास्त करावा लागे. आज ज्याला ‘मिक्सिंग’ म्हणतात, ते त्या काळी पावलांनी मागे-पुढे सरकून होत असे! आणि हे सारे अवघ्या तीन मिनिटांत आटोपायचे.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला आणि गायकांची ही सक्ती सुटली. हळू म्हटलेला स्वरही आता मुद्रित होऊ लागला. बनारसच्या ठुमरीला तर हे वरदानच ठरले. सिद्धेश्वरी देवी, रसूलन बाई, गिरिजा देवी यांनी जोपासलेल्या या बोल-बनाव ठुमरीत एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. पण प्रत्येक वेळी त्याचा रंग निराळा असतो. एकदा तो आर्जव करतो, एकदा रुसतो, एकदा उसासा टाकतो आणि मग वरच्या षड्जावर खुली पुकार होते. ठुमरीचे सारे मर्म या चढउतारात आहे. पंडित ओंकारनाथ ठाकूर हे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांच्या देखरेखीखाली १९५० साली बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या गाण्याची ख्यातीही हीच होती: कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत आवाज नेणे आणि त्यातून भाव उभा करणे.

आता कल्पना करा की ही कुजबुज आणि ही गर्जना कुणीतरी यंत्रात एकाच उंचीवर आणून ठेवली. शब्द तेच, सूर तेच, ताल तोच. पण ठुमरी? ती गेलीच की!

दुधाचे पातेले आणि शून्याची रेघ

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाची लाट आकड्यांत साठवली जाते. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. तंत्रज्ञ याला १६ बिट म्हणतात. सर्वांत वरच्या पायरीला नाव आहे ‘शून्य डेसिबल’. ही छताची रेघ. त्यामुळे संगणकावरच्या पट्टीवर बाकीचे सारे आवाज उणे आकड्यांत दिसतात: उणे ६, उणे १२, उणे १८ वगैरे. नवशिक्याला हे चमत्कारिक वाटते. पण छतापासून खाली मोजण्याची ही पद्धत आहे, इतके लक्षात ठेवले की पुरे.

छताच्या वर काहीच नाही. लाट त्याहून उंच गेली तर तिचा माथा सरळ कापला जातो. गोलाई जाऊन सपाट पठार उरते आणि कानाला खरखर, चरचर ऐकू येते. एकदा असा कापलेला आवाज मुद्रित झाला की नंतर दांडा कितीही खाली ओढा, कापलेला माथा परत उगवत नाही.

गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. दूध तापवायचे पातेले कुणी काठोकाठ भरत नाही. वर चार बोटे जागा सोडतात, कारण दूध केव्हा फुगेल याचा नेम नसतो. ध्वनिमुद्रणातही अशी मोकळी जागा ठेवावी लागते. तिला ‘हेडरूम’ म्हणतात. गाणाऱ्याला आधी विचारले की ‘सर्वांत मोठ्या आवाजात गाऊन दाखवा’, तर तो जितका आवाज लावतो त्याहून प्रत्यक्ष रंगात आल्यावर हमखास जास्त लावतो!

मग लोक पातेले काठोकाठ का भरतात? त्याला जुनी सवय कारणीभूत आहे. चुंबकीय फितीवर मुद्रण होत असे तेव्हा फितीची स्वतःची एक सळसळ असे. आवाज हळू मुद्रित केला तर ती सळसळ गाण्यावर चढे. म्हणून आवाज शक्य तितका वर ठेवण्याचा धडा तंत्रज्ञ गिरवत. शिवाय फीत दिलदार होती. आवाज थोडा जास्त झाला तर ती त्याचे टोक हळुवार गोल करी. डिजिटल यंत्र तसे करत नाही; त्याची रेघ म्हणजे रेघ. उलट त्यात सळसळ जवळजवळ नसते. आज घरगुती उपकरणांवरही २४ बिटांचे मुद्रण होते. त्यात पायऱ्यांची संख्या १ कोटी ६७ लाखांच्या पुढे जाते. इतके खोल पातेले असताना ते काठोकाठ भरायचे कशाला? म्हणूनच मुद्रण करताना सरासरी आवाज उणे १८ च्या आसपास आणि सर्वांत उंच टोके उणे १० ते उणे ६ च्या खाली ठेवावीत, असे अनुभवी तंत्रज्ञ सांगतात.

तबल्याचा ठोका, शहनाईचा सूर

आता प्रश्न येतो तो मिक्सिंगचा, म्हणजे निरनिराळे आवाज एकत्र करण्याचा. येथे बहुतेकांची फसगत होते, कारण डोळा पट्टीवरचे टोक पाहतो आणि कान सरासरी ऐकतो.

बनारस घराण्याचा तबला घ्या. पंडित रामसहाय यांच्यापासून चालत आलेला हा बाज खुला, दमदार आणि गुंजणारा. कबीरचौरा मोहल्ल्यातले पंडित किशन महाराज आणि पंडित सामता प्रसाद ऊर्फ गुदई महाराज हे त्याचे विसाव्या शतकातले दोन बुलंद स्तंभ. १९७५ च्या ‘शोले’मध्ये बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात, त्या प्रसंगातला धडाडणारा तबला गुदई महाराजांचाच. या तबल्याचा एक ठोका क्षणभर छताला हात लावून येतो आणि विरून जातो. पट्टी म्हणते, ‘फार मोठा!’ कान म्हणतो, ‘छे, मजेचा आहे.’

उलट शहनाई घ्या. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी देवळाच्या नौबतखान्यातले हे वाद्य मैफलीच्या गादीवर आणून बसवले. शहनाईचा सूर ठोक्यासारखा उंच उसळत नाही, तो लांबच लांब टिकतो. त्यातच माणसाचा कान तीन-चार हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि शहनाईचे तेज बरेचसे तिथेच आहे. त्यामुळे पट्टीवर शहनाई तबल्यापेक्षा खाली दिसत असूनही कानाला ती तबल्यावर मात करताना ऐकू येते. दोघांची टोके पट्टीवर एका रेघेत आणून ठेवणारा नवशिका तबला बुडवतो आणि शहनाई टोचरी करतो.

दुसरी गफलत बेरजेची. समजा, आठ वाद्ये वेगवेगळी मुद्रित केली आणि प्रत्येकाचा आवाज सारखाच ठेवला. सारी एकत्र वाजली की एकूण आवाज सुमारे ९ डेसिबलने वाढतो. आठ लहान भांड्यांतले दूध एकाच पातेल्यात ओतल्यावर ते उतू गेले तर दोष पातेल्याचा नव्हे! म्हणून प्रत्येक भांडे आधीच अर्धे-पाऊण भरलेले असावे. मिक्सिंगच्या वेळी एखादे वाद्य ऐकू येत नसेल तर ते वर चढवण्याआधी दुसरे कुठले खाली आणता येईल का, हे पाहावे. नाहीतर तंबोरा ऐकू येत नाही म्हणून तंबोरा वाढवला, मग गळा बुडाला म्हणून गळा वाढवला, मग तबला बुडाला म्हणून तबला, अशी ही शिडी छताला भिडेपर्यंत संपत नाही.

मोठे तेच गोड?

पण हे सारे ठाऊक असूनही जाणकारसुद्धा आवाज वाढवतात. का? कारण कान माणसाला फसवतो. एकच गाणे दोनदा ऐकवले आणि दुसऱ्या वेळी ते अगदी किंचित मोठे ठेवले, तर बहुतेक जण दुसरे ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त भरदार’ असल्याचे सांगतात. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की हळू आवाजात कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो अधिक भरून येतो. साहजिकच मोठे ते गोड वाटते.

या फसगतीवर पुढे अख्खी स्पर्धा उभी राहिली. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. सुरुवातीच्या डिस्कवर वर भरपूर मोकळी जागा सोडलेली असे. पण १९९० नंतर पाश्चात्त्य कंपन्यांत चढाओढ लागली: आमचे गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाजले पाहिजे! छत तर वर नेता येत नाही. मग केले काय? ‘लिमिटर’ नावाच्या यंत्राने उंच टोके दाबली आणि उरलेले सारे वर उचलले. हळू आणि मोठे यांतले अंतर मिटले. २००८ साली ‘मेटॅलिका’ या प्रसिद्ध बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांनीच तक्रार केली की गाणी इतकी दाबली आहेत की ती फाटल्यासारखी वाजतात. तीच गाणी एका व्हिडिओ खेळात कमी दाबलेल्या रूपात मिळाली आणि लोकांना ती अधिक आवडली! इंग्रजी वृत्तपत्रांत या साऱ्या प्रकाराला ‘लाउडनेस वॉर’, म्हणजे आवाजाचे युद्ध, असे नाव पडले.

आपल्याकडेही हे लोण आले. मात्र नुकसान येथे जास्त झाले, कारण आपल्या संगीतात चढउतार हे सजावटीचे नसून जिवाचे आहेत. बनारसी ठुमरीच्या शेवटी तबलजी ‘लग्गी’ सुरू करतो. इतका वेळ दबकत चाललेला तबला एकदम मोकळा सुटतो, लय दुप्पट होते आणि बसलेले श्रोते मान डोलवू लागतात. आधी तबला हळू असतो म्हणून तर लग्गीचा आनंद! सारे आधीच एका उंचीवर आणले असेल तर लग्गी येते आणि जाते, पण अंगावर रोमांच उभे राहत नाहीत.

युद्ध संपले, बातमी पोचली नाही

गंमत अशी की हे युद्ध आता निरर्थक झाले आहे. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाज मोजण्याची नवी रीत मान्य केली. ही रीत टोके मोजत नाही. माणसाच्या कानाला संपूर्ण गाणे एकंदर किती मोठे वाटते, ते मोजते. त्या मापाला ‘एलयूएफएस’ म्हणतात. २०१० साली युरोपच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने कार्यक्रमांसाठी उणे २३ ही पातळी ठरवली. मालिकेच्या मध्येच किंचाळत येणाऱ्या जाहिरातींवर त्यामुळे तेथे वेसण बसली. आपल्याकडेही केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा असू नये, असे कलम आहे. अर्थात रिमोट हातात धरून बसणाऱ्या घराघरांतल्या आजोबांना त्याचा किती अनुभव येतो, ते त्यांनाच ठाऊक!

इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवांनीही हेच माप घेतले. स्पॉटिफाय आणि यूट्यूब यांची पातळी उणे १४ च्या आसपास आहे, ॲपलची उणे १६. याचा अर्थ काय? समजा, कुणी आपले गाणे दाबून-दाबून उणे ८ पर्यंत मोठे केले. सेवा ते ६ डेसिबलने खाली ओढते आणि मगच श्रोत्याला ऐकवते. शेजारचे गाणे नैसर्गिक चढउतारांसह उणे १४ वर असेल तर दोन्ही सारख्याच आवाजात वाजतात. फरक इतकाच की दाबलेले गाणे चपटे, थकलेले वाटते आणि दुसऱ्यात तबल्याचा ठोका उसळून येतो. मोठे करण्याची किंमत मोजली, माल मात्र हाती आला नाही!

हे आकडे म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. एखादा संथ आलाप किंवा चैती उणे १८ किंवा उणे २० वर शोभत असेल तर तिला तिथेच राहू द्यावे. उणे १४ हे गाठायचे शिखर नाही; त्याच्या वर जाऊन काही मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कबीरचौऱ्यातले एक घर

आता हे सारे एका घरात मांडून पाहू. समजा, कबीरचौऱ्याच्या गल्लीत एक आई आहे. तिने आपल्या गुरूंकडून मिळालेली ठुमरी पंचवीस-तीस वर्षे जपली आहे. मुलगा म्हणतो, ‘अम्मा, आपण हे मुद्रित करून ठेवू.’ त्याच्याकडे एक लॅपटॉप, एक चांगला माईक आणि हेडफोन आहे. त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, माईक गळ्यापासून वीतभर-दीड वीत दूर ठेवावा, पंखा बंद करावा आणि आईला लग्गीपर्यंत पूर्ण ठुमरी एकदा गाऊ द्यावी. पट्टी हिरव्या भागात खेळत राहिली पाहिजे. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. लागला तर दांडा खाली आणून पुन्हा मुद्रण करावे. ‘एकच तर जागा होती’ असे म्हणून सोडून देऊ नये, कारण ती जागा बहुधा पुकारीचीच असते.

दुसरी गोष्ट, मिक्सिंगला बसण्यापूर्वी आपल्या स्पीकरचा आवाज एकदा ठरवून टाकावा. शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतकाच तो हवा. त्यानंतर स्पीकरच्या बटणाला हात लावू नये. गाणे हळू वाटले तर ते का हळू वाटते, हे मिश्रणात शोधावे.

तिसरी गोष्ट, आधी गळा ठेवावा आणि त्याच्याभोवती बाकीचे रचावे. तंबोरा इतका असावा की तो थांबला तर जाणवेल, पण चालू असताना त्याच्याकडे लक्ष जाणार नाही. सारंगी किंवा पेटी गळ्याच्या मागून यावी. तबला ठुमरीभर मवाळ असावा, म्हणजे लग्गीला वर जायला जागा उरते.

चौथी गोष्ट, काही बदल केला की आधीचे आणि नंतरचे दोन्ही नमुने सारख्या आवाजावर आणून मगच तुलना करावी. नाहीतर मोठा नमुना चांगला वाटणारच.

पाचवी गोष्ट, सारे मिश्रण झाल्यावर स्पीकर अगदी हळू करून ऐकावे. शेजारच्या खोलीतून ऐकावे. आईचे शब्द कळतात का? ठेका सापडतो का? हळू आवाजातही गाणे उभे राहत असेल तर मिश्रण जमले.

सहावी गोष्ट, अंतिम प्रत काढताना सर्वांत उंच टोक उणे १ च्या खाली राहील असे पाहावे. इंटरनेटसाठी गाणे आक्रसून लहान केले जाते, तेव्हा त्याची टोके थोडी वर सरकतात. म्हणून ही शेवटची सावधगिरी. आणि मूळ, न दाबलेली २४ बिटांची प्रत वेगळी सांभाळून ठेवावी. उद्या यंत्रे बदलतील, मापे बदलतील, पण मूळ प्रत हाती असेल तर नव्या रीतीने पुन्हा मिश्रण करता येईल.

आणि शेवटी, कान थकले की उठावे. तासाभरानंतर कानाला मोठे आवाजच साधारण वाटू लागतात. घाटावर एक फेरी मारून यावे, चहा घ्यावा, मग पुन्हा बसावे. रात्री अकरा वाजता भरदार वाटलेले मिश्रण सकाळी नुसते कर्कश निघते, हा साऱ्यांचाच अनुभव आहे.

कान एकदाच मिळतात

यात कलेइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे. कानाच्या आत, शंखासारख्या पोकळीत, अतिशय नाजूक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास! इयरफोन लावून बसलेल्या मुलाचे गाणे शेजारी बसलेल्या आईला ऐकू येत असेल, तर आवाज बहुधा जास्तच आहे. कानात सतत शिट्टी वाजल्यासारखे होत असेल किंवा बोलणे अस्पष्ट ऐकू येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

मिक्सिंग करणाऱ्याला तर कान हेच भांडवल. शिवाय त्याने दाबून सपाट केलेल्या गाण्यात कानाला विसावा मिळण्याच्या जागाच राहत नाहीत. चढउतार जपलेले गाणे तासभर ऐकले तरी कान शिणत नाहीत. संकटमोचनच्या अंगणात लोक रात्रभर बसू शकतात, त्याचे एक कारण हेही असावे.

बिस्मिल्ला खाँ तरुणपणी गंगेच्या काठावर, पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी मंदिरात रियाज करीत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या उदयाला त्यांची शहनाई दिल्लीत घुमली, २००१ मध्ये ते भारतरत्न झाले. पण काशी त्यांनी सोडली नाही. २००६ साली याच गावात त्यांनी डोळे मिटले. शहनाईचा सूर मुळात मैलभर जावा असा. उस्तादांचे मोठेपण हे की एवढ्या जोराच्या वाद्यातून त्यांनी गळ्यासारखा मऊ सूर काढला. आवाज हाताशी भरपूर होता. तो कुठे आवरायचा, हे त्यांना कळत होते.

संगणकासमोर बसलेल्या मुला-मुलींनी उस्तादांकडून घ्यावे ते हेच. आवाज वाढवण्याचे बटण प्रत्येक श्रोत्याच्या हातात आहे. त्याला हवे तेव्हा तो ते फिरवील. पण हरवलेला उसासा, बुडालेली मींड आणि कापलेली पुकार परत आणणारे बटण कुठल्याही यंत्रावर नाही. ती सांभाळण्याची संधी मिक्सिंग करणाऱ्याला मिळते, आणि तीही एकदाच.